सरपणासाठी कोणती देशी झाडे तोडावीत आणि कोणती राखावीत?

आडरान

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या वाट्याला डोंगरउतारावरचे तीन एकर रान आले आहे. काकांनी ते वर्षानुवर्षे फारसा हात न लावता राखले होते. रानात ऐन आणि किंजळ सर्वांत जास्त आहेत. त्यांच्या खालोखाल जांभूळ, कुंभा, नाणा, हेद आणि आसाणा, चार-पाच जुने बेहडे आणि ओढ्याच्या कडेने उंबर व करंज अशी झाडे आहेत. वरच्या सपाटीवर वीसेक वर्षांपूर्वी लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ दाटीने उभी आहे. आमच्याकडे तिला सगळे अकेशियाच म्हणतात. पश्चिमेकडचा एक तुकडा मात्र उघडा आहे आणि तिथे गवताशिवाय काही नाही.

घरात गॅस असला तरी अंघोळीचे पाणी आणि मोठा स्वयंपाक चुलीवर होतो. दिवसाला पाच-सहा किलो, म्हणजे वर्षाला साधारण दोन टन सुके जळण लागते. ते याच रानातून मिळावे आणि रानही वाढत राहावे अशी माझी इच्छा आहे. जळणासाठी उत्तम देशी झाडे कोणती, त्यांतली कोणती तोडली तर पुन्हा फुटतात आणि कोणत्या झाडांना हातच लावू नये, हे जाणत्यांनी सांगावे. उघड्या तुकड्यावर काय लावावे, हाही प्रश्न आहेच.

सह्यसखा

ऐन आणि किंजळ असताना दुसरे काही शोधण्याची गरज नाही. आमच्या आजीला चुलीत ऐनाचे फाटे आहे की दुसरे कशाचे, हे निखाऱ्यावरूनच कळत असे. ऐनाचा निखारा रात्री राखेखाली झाकला की पहाटे फुंकर मारून पुन्हा पेटवता येतो.

माळरान

आम्ही देशावरचे, त्यामुळे आमचे उत्तर बाभूळ. बांधावरची गावठी बाभूळ जड, संथ जळणारी आणि निखारा धरणारी असते. शिवाय नांगर आणि कुळवाला लागणारे लाकूडही तीच देते. मात्र तुमच्या रानात लावू नका. तिला उघडे ऊन आणि काळी जमीन मानवते. मोठी बाभूळ तोडल्यावर खुंटाला भरवशाने फुटवे येत नाहीत, ती बियांपासूनच येते. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या की लेंड्यांतून पडणारे बी चांगले रुजते, म्हणून आमच्याकडे जिथे शेळ्या बसवतात तिथे पुढच्या पावसात रोपांची दाटी दिसते.

पानगळ

आडरान, मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून आधी शब्दांबद्दल थोडे लिहिते. शास्त्रात सपुष्प, रुंदपानी झाडांच्या लाकडाला सरसकट कठीण लाकूड म्हणतात, त्यामुळे नखाने कोरता येणारा पांगारा आणि सावरसुद्धा त्यातच मोडतात. चुलीसाठी हा वर्ग उपयोगाचा नाही, तिथे पाहायची ती घनता. वाळलेल्या पांगाऱ्याचे लिटरभर आकारमानाचे लाकूड सुमारे ३०० ग्रॅम भरते, बाभूळ आणि ऐन ८०० ग्रॅमच्या आसपास, धावडा ९०० च्या आसपास आणि खैर जवळजवळ किलोभर. खानदेशातल्या अंजनाचे गाभ्याचे लाकूड तर पाण्यात बुडते.

पण किलोमागे मिळणारी उष्णता सर्व लाकडांत जवळपास सारखीच असते. पूर्ण वाळलेले एक किलो लाकूड साधारण ४५०० ते ५००० किलोकॅलरी देते, मग ते पांगाऱ्याचे असो वा खैराचे. जड लाकडाचा फायदा एवढाच की तेवढ्याच मोळीत जास्त जळण बसते, चुलीत वारंवार सारावे लागत नाही आणि निखारा टिकतो. म्हणून "कोणते झाड" या प्रश्नाआधी "किती वाळलेले" हा प्रश्न यायला हवा.

सह्यसखा

पानगळताई, ओले ऐनसुद्धा पेटते की. आम्ही पावसाळ्यात जाळलेले आहे.

पानगळ

पेटते, पण घराला काय मिळते ते पाहा. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे एक किलो लाकूड चुलीत घातले तर जळायला अर्धाच किलो मिळतो आणि उरलेले अर्धा किलो पाणी वाफ करून घालवायला सुमारे ३०० किलोकॅलरी खर्च होतात. याहून मोठा तोटा वेगळाच आहे. लाकूड तापले की त्यातून जळाऊ वायू बाहेर पडतात आणि चुलीतली उष्णता पुरेशी असेल तरच ते ज्वाला होऊन जळतात. पाण्यामुळे जाळ थंड राहिला तर तेच वायू न जळता धूर होऊन निघून जातात. म्हणजे स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत आणि छातीत जाणारा धूर हे तुमचे वाया गेलेले जळणच असते. मी हे आग्रहाने लिहिते आहे, कारण माझ्या आईने तीस वर्षे ओल्या लाकडांवर स्वयंपाक केला आणि आज तिला दम्याने जिना चढवत नाही.

गोठण

वाळवण्याबद्दल माझा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस मी किंजळाचा एक ओंडका फोडून त्याची एक ढलपी बाजूला काढली, तिच्यावर खडूने खूण केली आणि दर रविवारी तराजूवर ठेवली. पहिल्या दिवशी ती ३ किलो २०० ग्रॅम होती. मार्चच्या मध्यापर्यंत वजन झपाट्याने उतरले, मग हळूहळू, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात काटा २ किलो १०० ग्रॅमवर थांबला तो पुढे हललाच नाही. तिच्याच शेजारी न फोडलेला, सालीसकट तसाच ओंडका ठेवला होता. तो मे महिन्यात फोडला तेव्हा आतला भाग हाताला गार आणि दमट लागत होता. साल पाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ओंडके तोडल्या-तोडल्या फोडायलाच हवेत. ओले असताना ते कुऱ्हाडीखाली सरळ फाटतात, वाळल्यावर किंजळ फोडणे फार कष्टाचे होते.

तराजू नसला तरी ओळखता येते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की वाळलेल्या खणखणतात आणि ओल्या बद्द वाजतात. टोकाला मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या भेगा दिसू लागतात आणि साल सुटायला लागते. रचताना खाली दोन आडव्या दांड्या घालून लाकूड जमिनीपासून वर उचलावे, नाहीतर वाळवी लागते. रास वाऱ्याच्या दिशेला उघडी आणि वरून झाकलेली असावी. आणि मृग लागण्याआधी सगळे मांगरात, म्हणजे शेतावरच्या छपरात, गेले पाहिजे, कारण कोकणच्या पावसात उघड्यावरची चार महिन्यांची मेहनत चार दिवसांत वाया जाते.

वनपायवाट

मी वन खात्यातून निवृत्त झालो आहे. कुऱ्हाड लावण्यापूर्वी कायद्याची बाजू समजून घ्या. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत सोळा प्रकारची झाडे आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हळदू म्हणजे तुमचा हेद, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. ही झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणजे आडरान यांनी सुरुवातीला घेतलेल्या नावांपैकी ऐन, किंजळ, जांभूळ आणि हेद ही चारही त्यात आली. माल रानाबाहेर न्यायचा असेल तर वाहतुकीच्या पासचा प्रश्न वेगळा येतो.

त्याआधी सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात खाजगी वनाची नोंद आहे का ते पाहा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली अनेक सर्व्हे नंबरांवर अशी नोंद आहे, आणि ती असेल तर सगळेच गणित बदलते. काही भागांत न्यायालयाच्या आदेशांच्या किंवा संवेदनशील क्षेत्राच्या अटीही लागू असतात. म्हणून तालुक्याच्या वनक्षेत्रपाल कार्यालयात एकदा जाऊन लेखी विचारून या. लेखी विचारलेल्या प्रश्नाचा पुढे उपयोग होतो.

सह्यसखा

वनपायवाट, हे मला खरोखर माहीत नव्हते. मी सहज ऐन-किंजळ लिहून गेलो. धन्यवाद.

कातळकडा

माझे मत जरा वेगळे आहे. एवढी परवानग्यांची यातायात करण्यापेक्षा उघड्या तुकड्यावर अकेशियाच लावावी. आठ-दहा वर्षांत जळण हातात येते, गुरे तिला तोंड लावत नाहीत आणि कातळावरसुद्धा ती तगते. देशी झाडांच्या प्रेमापोटी घरातल्या बाईला लाकडासाठी दोन डोंगर चालायला लावणे मला पटत नाही.

पानगळ

कातळकडा, तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. अकेशियाचे लाकूड जळणासाठी चांगले आहे हेही खरे. पण हे झाड ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचे आहे. तिची पाने म्हणून आपण जी पाहतो ते खरे तर पसरट झालेले देठ असतात, ते चिवट असतात आणि कुजायला फार वेळ घेतात. दाट लावलेल्या अकेशियाखाली त्यांचा जाड थर साचतो आणि उन्हाळ्यात ठिणगी पडली तर तो पेटतो. तिथे उभे राहून पायाखाली पाहावे: ऐनाच्या खाली सापडतात ती रोपे, मुंग्या, गांडुळांची माती यांतले तिथे फार थोडे असते.

डोंगरवाडी

मला यात वाद दिसतच नाही. आडरान यांच्याकडे वरच्या सपाटीवर अकेशिया उभीच आहे, तर पहिली चार-पाच वर्षे तीच जाळावी! जळण उत्तम मिळते आणि देशी झाडांना जागा मोकळी होते. सगळी एकदम काढू नका, दरवर्षी एक पट्टा काढा आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात आजूबाजूच्या ऐन-किंजळांचे बी पडू द्या. किंजळाची पंखवाली फळे वाऱ्याने दूरवर जातात. मात्र अकेशियाचे बीसुद्धा जमिनीत पडलेले असते, त्यामुळे पावसाळ्यानंतर तिची रोपे उपटण्याचे काम दोन-तीन वर्षे नेमाने करावे लागते.

गिरिपुष्पाबद्दलही हेच म्हणेन. ते परदेशीच आहे, पण कुंपणाला लावले तर दोन-तीन वर्षांत छाटणीला येते, पाला भातखाचराला खत म्हणून जातो आणि फांद्या चुलीत. कुंपणाने रानावरचा भार हलका होत असेल तर मी त्याला नावे ठेवणार नाही.

खुंटफुटवा

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कोणते झाड पुन्हा फुटते. ऐन, किंजळ, जांभूळ, करंज ही खुंटातून चांगली फुटतात. धावडाही फुटतो. साग तर जोमाने फुटतो. शिसवाला मुळांवरून फुटवे येतात, पण शिसव जळणात घालू नये, ते फार मोलाचे लाकूड आहे. पळस कितीही तोडला तरी येतो, मात्र त्याचे जळण हलके.

फुटणे हे तोडण्याच्या पद्धतीवर तितकेच अवलंबून असते. झाडाची पाने गळलेली असताना, म्हणजे माघ-फाल्गुनात तोडावे, कारण तेव्हा अन्नाचा साठा मुळांत असतो आणि पावसाच्या तोंडावर तोच फुटव्यांना मिळतो. वीतभर किंवा त्याहूनही कमी उंचीवर, धारदार कुऱ्हाडीने किंवा करवतीने, एका बाजूला उतार ठेवून काप घ्यावा म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. साल खुंटापासून फाटता कामा नये, कारण फुटवे सालीलगतच येतात. फार जुन्या, कवेत न मावणाऱ्या झाडाचा खुंट बहुधा फुटत नाही; मांडीएवढ्या जाडीची झाडे सर्वांत चांगली.

पहिल्या पावसात एका खुंटावर दहा-पंधरा धुमारे येतील. ते सगळे ठेवले तर एकही दांडा धड होत नाही. दुसऱ्या वर्षी त्यांतले दोन किंवा तीन राखून बाकीचे काढावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिली तीन वर्षे शेळी आणि वणवा दोन्ही तिथे पोहोचू देऊ नयेत. कोवळा फुटवा शेळीने वारंवार खाल्ला तर चांगला खुंटसुद्धा मरतो.

मावळवारा

राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, दरवर्षी कवळ (पाल्यासकट फांद्या) तोडून ऐनाची काय अवस्था होते, हे मावळात पाहिले आहे. वर्षानुवर्षे अंगावरच्या सगळ्या फांद्या उतरवलेली ती झाडे खांबासारखी उभी असतात, त्यांना फळ धरत नाही आणि म्हणून खाली एक रोप सापडत नाही. फुटते म्हणून सारखे तोडत राहिले तर पुढची पिढीच उरत नाही. खुंटफुटवा यांनी दोन तोडींमध्ये किती वर्षे ठेवायची हेही सांगावे.

खुंटफुटवा

मावळवारा, अगदी योग्य मुद्दा. मी दहा वर्षांच्या आत त्याच खुंटावर परत जात नाही. रानाचे मनात दहा वाटे करावेत आणि दरवर्षी एकाच वाट्यात काम करावे.

डोंगरवाडी

तीन एकरांच्या उतारावर वाटे करून एक-एक वाटा मोकळा करणे मला धोक्याचे वाटते. आमच्या शेजारच्या डोंगरावर एका ठेकेदाराने एका उन्हाळ्यात सगळे साफ केले, जांभळीसुद्धा सोडल्या नाहीत. पहिल्याच पावसात माती खालच्या भातखाचरात उतरली आणि तिसऱ्या वर्षी तिथे रानमोडी आणि घाणेरी या तणांशिवाय काही दिसेना. त्या शेतकऱ्याने बांधावर बसून आम्हाला दाखवले, त्याच्या खाचरात वीतभर लाल गाळ होता. तेव्हापासून मी उतारावर फक्त निवडून तोडतो: जिथे चार झाडे दाटीवाटीने आहेत तिथले एक वाकडे, दबलेले किंवा सालीला जखम झालेले काढायचे आणि वरचे छत्र मोडू द्यायचे नाही.

खुंटफुटवा

उतारासाठी तुमची पद्धत बरोबर आहे. पण खुंटाला वरून ऊन मिळाले नाही तर फुटवे लांबट आणि दुबळे येतात, म्हणून एखादे झाड काढले की तिथे आकाशाचा ठिगळाएवढा तुकडा तरी दिसायला हवा. वाटे करायचे ते सपाटीवर आणि निवडून काढायचे ते उतारावर, असे मी माझे म्हणणे दुरुस्त करतो.

पानगळ

कोणत्या झाडांना हात लावू नये, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. माझ्या मते सर्वांत आधी बेहड्यांची ती चार-पाच जुनी झाडे. धनेश पक्षी स्वतः ढोली कोरत नाही. त्याला मोठ्या, जुन्या झाडातली तयार ढोली लागते आणि बेहड्यात त्याची घरटी आढळतात. मादी आत बसून तोंड लिंपून घेते आणि नर आठवडेच्या आठवडे फळे आणून देतो. ते झाड गेले तर तशी ढोली व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. उंबराचे लाकूड जळायला सामान्य, पण रानात दुसरे काही पिकलेले नसते तेव्हा उंबर असतात, म्हणून तेही राखावे. ओढ्याच्या दोन्ही अंगांना काहीच तोडू नये.

उभे वाळलेले एखादे झाड आणि पडलेला एखादा जाड ओंडका तसाच राहू द्यावा. सुतार पक्षी, घुबडे, बुरशी, भुंगे या सगळ्यांचे ते घर आहे. भीमाशंकरच्या रानात ऐन पावसात कुजलेल्या फांद्या रात्री हिरवट चमकताना मी पाहिल्या आहेत; ती चमक त्यांच्यात वाढणाऱ्या बुरशीची असते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. देवराईत वाळके लाकूडही न उचलण्याची रीत अनेक गावांनी पाळली, आणि तिथे जे टिकले ते पाहता हा आग्रह मला रास्त वाटतो.

गोठण

एक सावधगिरीची सूचना राहिली. बिब्बा ओळखू येत नसेल तर अनोळखी झाडावर कोयता चालवू नका. त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. आमच्याकडे बिब्ब्याचे लाकूड चुलीत घालत नाहीत. मुलांना मोळीला पाठवण्यापूर्वी ते झाड दाखवून ठेवावे.

माळरान

अमावास्येला तोडलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही असे आमच्याकडे मानतात. त्याबद्दल कोणी सांगेल का?

पानगळ

भुंग्याच्या अळीला सालीलगतच्या कोवळ्या लाकडातले पिष्ट हवे असते. पानगळीच्या काळात तोडून, लगेच फोडून वाळवले तर तिला अनुकूल स्थिती मिळत नाही. गोठण यांनी सांगितलेले काम वेळेवर केले तर तिथी कोणतीही चालेल.

आडरान

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्यामुळे माझा प्रश्नच बदलला. सातबारा काढून पाहिला, खाजगी वनाची नोंद नाही. वनक्षेत्रपाल कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे आणि उत्तर येईपर्यंत अनुसूचीतल्या एकाही झाडाला हात लावणार नाही.

गेल्या रविवारी रानात फिरून मोजणी केली. सपाटीवर अकेशियाची १४० झाडे आहेत, त्यामुळे पहिल्या काही वर्षांची सोय तिथेच होईल असे दिसते. तीही तोडण्याआधी कार्यालयात विचारतो आहे. बेहड्यांना चुन्याचा पट्टा मारला, म्हणजे मी नसताना काम करणाऱ्या माणसालाही ती राखायची आहेत हे कळेल. त्यांतल्या एकाला साधारण पंचवीस फुटांवर ढोली आहे आणि खाली बियांचा सडा होता. उघड्या तुकड्यात आमच्याच रानातले ऐन, किंजळ, जांभूळ आणि आसाणा यांचे बी पहिल्या पावसात टोकणार आहे, आणि तीन वर्षे गुरे बाहेर राहावीत म्हणून कडेने गिरिपुष्पाचे कुंपण.

एक शंका राहिली. खालच्या अंगाला काकांच्या काळात तोडलेला किंजळाचा एक जुना खुंट आहे. त्याला मनगटाएवढे पाच फुटवे आहेत, तीन जमिनीलगत आणि दोन खुंटाच्या माथ्यावरून आलेले. परवानगी मिळाली तर कोणते राखू?

खुंटफुटवा

जमिनीलगतच्या तिघांपैकी जे दोन सर्वांत सरळ आणि एकमेकांपासून लांब असतील ते. माथ्यावरचे फुटवे कुजत जाणाऱ्या खुंटावर उभे असतात आणि मोठे झाल्यावर वाऱ्यात तिथूनच निखळतात; जमिनीलगतचे स्वतःची मुळे धरतात. काढलेले फुटवे मनगटाएवढेच आहेत, त्यांना फोडण्याची गरज नाही, फक्त साल दोन बाजूंनी कोयत्याने तासून वाळत घाला.

आडरान

समजले. त्या दोन फुटव्यांना आजच सुतळी बांधून ठेवतो.